गुणाकारात बेरीज कुठून आली?

सातवीच्या गणिताच्या वह्या तपासायला घेतल्या आणि घातांकाचं प्रकरण आलं, की लाल पेनाला फारसा विचार करावा लागत नाही. २³ × २⁴ याचं उत्तर कुणी २¹² लिहिलेलं असतं, कुणी ४⁷, कुणी थेट ४¹². एखाद्या वहीत ६ × ८ = ४८ असंही सापडतं. त्या मुलाच्या लेखी दोनचा तिसरा घात म्हणजे बे त्रिक सहा आणि चौथा घात म्हणजे बे चोक आठ. बरोबर उत्तर २⁷, म्हणजे १२८. ते लिहिणारी मुलंही बरीच असतात. पण "हा सात कुठून आला?" असं त्यांना विचारलं, की बहुतेक जण एकच उत्तर देतात: "नियम आहे."

या लेखाच्या निमित्ताने सातारा जिल्ह्यातल्या काही शाळांमध्ये बसता आलं, शिक्षकांशी बोलता आलं, वह्या चाळता आल्या. २¹² लिहिणाऱ्या मुलाची मला फार काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती "नियम आहे" म्हणणाऱ्याची. पहिला निदान विचार करतोय. समोर गुणाकाराचं चिन्ह आहे, तर गुणाकारच करायचा ना? मध्येच बेरीज कशाला? ही शंका अत्यंत रास्त आहे, आणि बऱ्याच वर्गांत तिला उत्तर मिळत नाही. मिळतो तो नियम: पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज करावी. मूल तो पाठ करतं, घटक चाचणीत गुण मिळवतं आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरून जातं.

चुकांकडे जरा निरखून पाहिलं, तर प्रत्येकीचं मूळ वेगळं दिसतं. सहा आणि आठ लिहिणाऱ्याच्या डोक्यात पाढे पक्के बसलेले आहेत. दोन आणि तीन शेजारी दिसले, की तोंडातून 'सहा' बाहेर पडतंच. त्यात वर्गात घाईघाईने "दोनचा तीन" असं वाचायची सवय असते, ती आगीत तेल ओतते. सेमी इंग्रजीच्या वर्गात "टू टू द पॉवर टू" म्हणताना मुलांची जी गंमत होते ती वेगळीच. त्यातला कुठला टू खालचा आणि कुठला वरचा, हे विचारायचं धाडस पहिल्या बाकावरचेही करत नाहीत. ४⁷ लिहिणाऱ्याला नियम आठवलाय, पण अर्धाच. वर बेरीज केली, मग खालच्या दोन दोनांचं काय करायचं? मध्ये गुणिले आहे, म्हणून बे दुणे चार. त्याच्या दृष्टीने त्याने एकही चिन्ह वाया घालवलेलं नाही.

पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत हे प्रकरण शिकवताना पाहिलं. शाळा सातवीपर्यंतची आणि वर्ग लहान. गणिताच्या बाई फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि पट लिहून थेट कामालाच लागल्या. ७² × ७³ एवढंच लिहिलं आणि म्हणाल्या, "उलगडून लिहा. उत्तर काढायचं नाही."

मुलांनी वह्यांत (७ × ७) × (७ × ७ × ७) असं लिहिलं. "कंस काढून टाका. आता किती सात आहेत?" पाच. "मग सगळं मिळून एकाच घातात लिहा." ७⁵. बाईंनी नियमाचं नावही काढलं नाही. पुढे ७⁴ × ७³. मग ११² × ११⁶. प्रत्येक वेळी उलगडून लिहायचंच. मग ७ × ७³. इथे निम्म्या वर्गाने ७³ असं उत्तर दिलं, कारण एकट्या सातावर काही लिहिलेलंच नव्हतं. "उलगडा," एवढंच बाई म्हणाल्या. चार सात मोजले गेले आणि वही आपोआप दुरुस्त झाली. एकट्या सातावर अदृश्य १ असतो, हे वाक्य नंतर मुलांनीच बोलून दाखवलं.

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, पहिलं उदाहरण सातचंच का? त्या हसल्या. म्हणाल्या, पाच घेतला तर "किती पाच?" "पाच पाच!" असा गोंधळ होतो. आणि २² × २² तर चुकूनही घ्यायचं नाही. तिथे घातांकांची बेरीज केली तरी चार आणि गुणाकार केला तरी चारच. चुकीच्या वाटेने गेलेलं मूलही बरोबर ठिकाणी पोचतं, आणि मग त्याला परत आणणं महाकठीण. ही गोष्ट मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेली नव्हती. उदाहरण निवडणं हाच शिकवण्यातला अर्धा भाग असतो, आणि त्याची नोंद कुठल्याच टाचणवहीत होत नाही.

सुट्टीनंतर बाईंनी फळ्यावर ३⁴⁰ × ३²⁵ लिहिलं. वर्गात एकच कल्ला. "बाई, एवढं कोण लिहीत बसणार?" "लिहा की. वही कशाला आणलीय?" दोघा-तिघांनी खरंच लिहायला सुरुवात केली. मागच्या बाकावरची एक मुलगी पेन खाली ठेवून म्हणाली, "लिहायचं कशाला? चाळीस तीन हिकडं, पंचवीस तीन तिकडं. पासष्ट झाले की." बाईंनी तिला फळ्याशी बोलावलं आणि हेच सगळ्यांना सांगायला लावलं. तिने सांगितलं ते पुस्तकातल्या नियमाइतकं नीटनेटकं नव्हतं, पण त्यात नियमापेक्षा एक गोष्ट जास्त होती: बेरीज का, ते. घातांक ही मोजदाद आहे. खाली काय गुणलं जातंय ते पाया सांगतो, किती वेळा ते घातांक सांगतो. दोन ढीग एकत्र केले की मोजदादींची बेरीजच होणार.

एक मुलगा मात्र ९⁶⁵ वर अडून बसला. तीन त्रिक नऊ, तो आपला ठाम. बाईंनी त्याला लहान उदाहरण दिलं: ३² × ३. त्याच्या पद्धतीने उत्तर ९³, म्हणजे ७२९. उलगडून गुणलं तर २७. तो बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिला, मग ९ खोडून ३ केला. त्याला कुणी "चूक" म्हटलं नाही, त्याने स्वतःच पडताळा घेतला. गणितात मुलाला देण्यासारखी ही सर्वांत मोठी सवय आहे: लहान आकडे घाल, आणि खरं-खोटं स्वतःच करून बघ.

याच्या अगदी उलट दृश्य तालुक्याच्या गावातल्या एका शिकवणी वर्गात दिसलं. भिंतीवर सगळे नियम एका रंगीत तक्त्यावर छापलेले. "गुणाकार तर बेरीज, भागाकार तर वजाबाकी, घाताचा घात तर गुणाकार" असं मुलं एका सुरात म्हणतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सुरात म्हणतात म्हणून लक्षातही राहतं. तिथल्या सरांची मेहनत कमी नाही. मुलं भराभर उदाहरणं सोडवतात. मी विचारून चार उदाहरणं फळ्यावर लिहिली: ३² × ३³, ३² + ३³, ३² × ५³ आणि (३²)³. पहिलं सगळ्यांना आलं. दुसऱ्याला बऱ्याच जणांनी ३⁵ लिहिलं. बेरजेचं चिन्ह दिसलं, घातांकांची बेरीज आठवली, हात चालला. खरं उत्तर ९ + २७, म्हणजे ३६. तिथे कुठलाच नियम लागत नाही, नुसती बेरीज करायची. तिसऱ्याला १५⁵ अशी उत्तरं आली, वास्तविक ९ × १२५ म्हणजे ११२५ यापलीकडे काही होत नाही. चौथ्यात (३²)³ म्हणजे ९ × ९ × ९, म्हणजे ३⁶, म्हणजे ७२९. तिथे ३⁵ लिहिणारे होते आणि ३⁸ लिहिणारेही. पाठ केलेले नियम एकमेकांच्या जागा घेत होते. नियम कधी लागत नाही, हे तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं.

घातांचा गुणाकार आणि घाताचा घात यांतली ही गल्लत सोडवणारी एक सोय आपल्याकडच्या जुन्या बीजगणितात चक्क नावांतच होती. भास्कराचार्यांच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, डोक्यावर छोटा आकडा लिहायची पद्धत नव्हती. अव्यक्ताला 'यावत्तावत्' म्हणायचे आणि थोडक्यात 'या' लिहायचे. त्याचा वर्ग 'याव', घन 'याघ', चौथा घात 'यावव', म्हणजे वर्गाचा वर्ग. सहाव्या घाताला 'घनवर्ग', कारण घनाचा वर्ग केला की तीन दुणे सहा. पण पाचव्याला? 'वर्गघनघात'. इथे घात म्हणजे गुणाकार: वर्ग आणि घन यांचा गुणाकार, दोन अधिक तीन पाच. आणि सातव्याला 'वर्गवर्गघनघात', चार अधिक तीन. म्हणजे वह्यांमध्ये ज्या २⁴ आणि २³ च्या गुणाकारावर मुलं अडखळतात, त्याचं उत्तर नावातच घालून ठेवलेलं होतं. 'घात' शब्द शेवटी आला तर बेरीज, नाही आला तर गुणाकार. आजच्या मुलांना ही नावं पाठ करायला लावावीत असं अजिबात म्हणायचं नाही, उगाच आणखी एक ओझं. पण एखाद्या तासाला गंमत म्हणून सांगायला काय हरकत आहे?

आजची लिहिण्याची पद्धत रुळली ती देकार्तच्या १६३७ सालच्या भूमितीवरच्या ग्रंथापासून. त्यानेही वर्गासाठी बऱ्याचदा अक्षर दोनदाच लिहिलं आहे, छोटा आकडा घनापासून पुढे. म्हणजे ज्या चिन्हाला मूल पहिल्याच दिवशी सरावावं अशी आपली अपेक्षा असते, त्याला सरावायला भल्याभल्यांनाही वेळ लागला होता. नियम मात्र चिन्हापेक्षा कितीतरी जुना. विश्वात वाळूचे किती कण मावतील हे मोजू पाहणाऱ्या आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातच, दहाच्या घातांचा गुणाकार करताना त्यांच्या क्रमांकांची बेरीज कशी करायची ते सांगून ठेवलं होतं. त्याचं उत्तर आजच्या भाषेत १०⁶³ इतकं येतं.

याहून जवळची गोष्ट अमरावतीची आहे. नवव्या शतकाच्या आरंभी आचार्य वीरसेनांनी षट्खंडागम या जैन ग्रंथावर 'धवला' नावाची प्रचंड टीका लिहिली. तिच्या ताडपत्रांवरच्या प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला शतकानुशतकं जपून ठेवलेल्या होत्या. त्या संपादित करून छापायचं काम अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी हाती घेतलं आणि १९३९ पासून एकेक खंड अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागला. ग्रंथ धर्मतत्त्वाचा, पण त्यात गणित ठासून भरलेलं. त्यात 'अर्धच्छेद' ही कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. आठचे अर्धच्छेद तीन: आठ, चार, दोन, एक. बत्तीसचे पाच. आणि तिथे सांगितलं आहे की दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्या दोघींच्या अर्धच्छेदांची बेरीज. तीननेच भागत गेलं तर त्रिकच्छेद, चारने भागलं तर चतुर्थच्छेद, हेही आहे.

पाटणच्या बाईंना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी ती वर्गात वापरून पाहिली. फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. उजवीकडे प्रत्येकासमोर तो किती वेळा निम्मा होतो ते: १, २, ३, ४, ५, ६, ७, ८. मग म्हणाल्या, "आता ८ गुणिले ३२ करायचं, पण गुणायचं नाही." थोडा वेळ शांतता. मग एकाने उजवीकडचे ३ आणि ५ मिळवून ८ केले आणि ८ समोरचा २५६ वाचला. दुसऱ्याने वहीत ३२ ला ८ ने गुणून पाहिलं, आलं. मग १६ × १६, ४ × ६४, अशी रांगच लागली. एका मुलीने विचारलं, "बाई, १ किती वेळा निम्मा होतो?" एकही वेळा नाही, म्हणजे शून्य. बाईंनी तिच्या हातात खडू दिला आणि तिने रकान्याच्या डोक्यावर १ आणि ० लिहिलं. दोनचा शून्यावा घात १ का, हा प्रश्न पुढे फार छळतो. तो इथे असा सहज सुटला. डावीकडच्या रकान्यातल्या ६४, १२८, २५६ या संख्या मुलांना ओळखीच्या निघाल्या. "मोबाइलची मेमरी!"

वडीलधाऱ्या वाचकांना हे रकाने पाहून लॉगची कोष्टकं आठवतील. कॅल्क्युलेटर घरोघर येण्याआधी अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेत ते पातळ पुस्तक सतत हाताशी असे. नेपियरने १६१४ मध्ये मांडलेली ती युक्ती मुळात हीच: गुणायच्या संख्यांना घातांकांच्या रूपात बघा, घातांकांची बेरीज करा, कोष्टकातून परत या. कित्येकांनी ती कोष्टकं वर्षानुवर्षं वापरली आणि त्यांचा सातवीतल्या नियमाशी संबंध आहे हे त्यांना कुणीच सांगितलं नाही.

मुलांना दहाचे घात समजावायला दूर जायची गरज नसते, घरी येणारं वर्तमानपत्र पुरतं. 'लाख कोटी' हा प्रयोग रोज वाचनात असतो. लाख म्हणजे १०⁵, कोटी म्हणजे १०⁷. मग लाख कोटी? सातवीतल्या मुलाला १०¹² म्हणजे एकावर बारा शून्यं हे शून्यं न लिहिता सांगता यायला हवं. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांच्या घरातला, म्हणजे ७ × १०¹². राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाअकरा कोटीच्या आसपास, म्हणजे सुमारे १.१२५ × १०⁸. भागाकारात घातांक वजा: १०⁴ उरले. सातला १.१२५ ने भागलं की सहा पूर्णांक दोन. माणशी साधारण ६२ हजार. हे गणित एका वर्गात केलं तेव्हा पुढचा प्रश्न गणिताच्या तासाचा राहिलाच नाही. "मग आमच्या घरातल्या पाच जणांचे तीन लाख कुठं गेले?" एकाने विचारलं. नागरिकशास्त्राच्या सरांनी या वर्गात एकदा जरूर डोकवावं.

आता दुसरी बाजू. एवढं सगळं करायला वेळ कुठे आहे, असं शिक्षक विचारतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. ऑनलाइन माहिती भरणं, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, शिवाय जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता. शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिथे बहुपर्यायी प्रश्न. पर्यायांत २⁷ असतो आणि शेजारी २¹² व ४⁷ हे सापळेही असतात. नियम पाठ असलेलं मूल त्यात पटकन सुटतं. उलगडून लिहिणारं मागे पडतं, असं पालकांना वाटतं. सरावाचं महत्त्व मीही नाकारत नाही. नियम हाताला बसलाच पाहिजे. ज्याला ७⁴ × ७³ दर वेळी सात सात मांडून करावं लागतं, त्याला नववीतली बहुपदी झेपणार नाही. माझं भांडण क्रमाशी आहे. आधी उलगडणं, मग कंटाळा, मग नियम, मग सराव. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळतो आणि मग चौथीवर दुप्पट वेळ घालवतो.

पाटणच्या बाईंनी पहिल्या दिवशी नियम फळ्यावर लिहिलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी लिहिला, तोही मुलांनी सांगितला तसा. नंतर सरावसंच सोडवायला त्यांना नेहमीपेक्षा कमी वेळ लागला, असं त्यांचं म्हणणं. एका वर्गावरून सिद्धांत काढू नये हे मान्य. पण त्या वर्गात (२ × ५)³ हे २³ × ५³ का होतं, हे न शिकवता मुलांनी करून दाखवलं. तीन दोन आणि तीन पाच शेजारी शेजारी मांडले, जोड्या लावल्या, तीन दहा मिळाले. पाया वेगळा आणि घातांक समान, तेव्हा पायांचा गुणाकार. ४⁷ लिहिणारं मूल मनात हाच नियम भलत्या जागी वापरत असतं, हे त्या जोड्या पाहिल्यावर मला लख्ख कळलं.

म्हणून घटक चाचण्यांच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती आहे. घातांकाच्या प्रकरणावर निदान एक प्रश्न असा घाला, ज्यात उत्तर आधीच दिलेलं असेल: "एका विद्यार्थ्याने ३² × ३⁴ = ९⁶ असे लिहिले. त्याचे कुठे चुकले ते उलगडून दाखवा." दोन गुण ठेवा. परीक्षेत जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मग विचारायला सुरुवात करा.